वाचक विचारतात : जपानी खिमा पॅटी आणि तिचा सॉस

मागच्या अंकात 'हानबागु' या जपानी पदार्थाची छोटी कृती दिली होती. ज्यांच्या हातून तो अंक सुटला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, खिमा, दुधात भिजवलेला ब्रेड, परतलेला कांदा नि अंडं एकत्र मळून जाड पॅटी करायची, पॅनवर दोन्हीकडून रंग आणायचा, झाकण ठेवून वाफेवर शिजवायची आणि त्याच पॅनमध्ये केचप-सोया सॉसचा दाट आंबटगोड सॉस करून वरून ओतायचा. पावात घालून बर्गर करायचा नाही, ताटलीत भातासोबत खायचा. एवढ्याशा कृतीवर मराठवाड्यातून भरपूर पत्रं नि मेसेज आले, त्यातले काही प्रश्न या वेळी घेतलेत.

प्रश्न (नांदेड) : ताई, मुलगी नागोयाला नोकरीला आहे, दिवाळीत आली तेव्हा तिला घरी हानबागु खायचं होतं म्हणून तुमच्या कृतीनं केलं. मटणाचा खिमा घेतला होता. चव बरी आली पण पॅटी कडक झाली, मधोमध फुगून वर आली, बाहेरून काळी पडली तरी आत गुलाबीच, आणि एक तर पलटताना फुटलीच. मुलगी म्हणली आई हा तर कबाब झाला. त्यानंतरही करून पाहिलं तरी तसंच व्हायलंय. ती मार्चमध्ये परत येणारे, तोवर जमवायचंय. नेमकं कुठं चुकायलंय?

उत्तर : काकू, तुमच्या पत्रात चार वेगवेगळ्या तक्रारी आहेत, पण चारांतल्या तीन मळण्यातून आणि गार-गरमच्या गोंधळातून येतात, म्हणून आधी मळण्याचंच बोलू, कारण या पदार्थात मसाला जवळजवळ नाहीच, जे काही आहे ते हाताच्या कामात आहे.

आपण कबाबाचा खिमा करतो तेव्हा सगळं एकदम टाकून कालवतो. आलं-लसूण, मिरची, कोथिंबीर, डाळीचं पीठ, मीठ, सगळं एका दमात. इथं तसं करायचं नाही. थंडगार खिमा मोठ्या पातेल्यात घ्या आणि त्यात आधी फक्त मीठ घाला, अर्धा किलो खिम्याला साधारण ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. आता बोटं पंजासारखी पसरून एकाच दिशेनं मळत राहा. दोन-तीन मिनिटांत तुम्हाला हाताखाली बदल कळेल, सुटासुटा लाल दाणेदार खिमा हळूहळू फिकट गुलाबी होतो, बोटांना ओढ लागते, हात वर उचलला तर खिम्याचे धागे येतात आणि पातेल्याच्या कडेला पांढुरका लेप दिसायला लागतो. तो लेप दिसला की समजायचं झालं. मांसात मायोसिन नावाचं प्रोटीन असतं, ते मिठामुळे सुटून चिकट होतं आणि पॅटी शिजताना त्याची जाळी तयार होऊन रस आत धरून ठेवते. तुमची पॅटी फुटली ती बहुतेक या पायरीला कमी मळल्यामुळे, आणि रस बाहेर गेला म्हणून कडकही झाली.

हे सगळं खिमा थंड असेल तरच होतं. हाताच्या उबेनं चरबी वितळायला लागली की ती या चिकट जाळीत बसत नाही, मग पॅनवर ठेवल्या ठेवल्या तेल होऊन वाहून जाते. जपानी घरांतही उन्हाळ्यात खिम्याचं भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून मळतात, आणि आपल्याकडे तर मार्च संपता संपता स्वयंपाकघर भट्टीच होतं, तेव्हा परातीत बर्फाचं पाणी घ्या, त्यात पातेलं बसवा, फॅन लावा आणि शक्यतो सकाळच्या थंडाव्यात मळून फ्रीजमध्ये ठेवून द्या. दुपारी दोनला मे महिन्यात मळायला घेऊ नका, कितीही हात चालवला तरी ते जमत नाही.

मग ब्रेड. अर्धा किलोला दोन स्लाइस, कडा काढून हातानं चुरायच्या आणि चार-पाच मोठे चमचे दूध घालून पाच-दहा मिनिटं ठेवायच्या म्हणजे लगदा होतो. जपानमध्ये पांको नावाचा हलका मोठा ब्रेडक्रम वापरतात, आपल्या दुकानातला बारीक पिवळा ब्रेडक्रम मात्र वापरू नका, तो कोरडा असतो आणि पॅटीतलंच पाणी पितो. बऱ्याच जणांना वाटतं ब्रेड म्हणजे खिमा वाढवायची युक्ती, म्हणून कमी घातला की पॅटी भारी होईल. उलट आहे. दूध प्यालेला ब्रेड मांसाच्या तंतूंच्या मधे मधे बसतो, त्यांना एकमेकांना घट्ट धरू देत नाही आणि ओलावा धरतो, पॅटी मऊ होते ती यानंच. तुम्ही ब्रेडऐवजी बेसन घातलंय असं पत्राच्या शेवटी लिहिलंय, तिथंच कबाब झाला बघा.

कांदा एक मोठा, अगदी बारीक चिरलेला, लोण्यावर किंवा तेलावर मंद आचेवर सोनेरी होईस्तोवर परतायचा आणि पूर्ण गार करायचा. पूर्ण म्हणजे पूर्ण, ताटलीत पसरून फ्रीजमध्ये ठेवा. गरम कांदा खिम्यात गेला की चरबी तिथल्या तिथे वितळते. कच्चा कांदा घातला तर तो शिजताना पाणी सोडतो आणि त्याच जागी पॅटीला चीर जाते. एक अंडं, अर्धा छोटा चमचा मिरपूड, चिमटीभर जायफळ. जायफळ सोडू नका, मांसाचा उग्रपणा तेच कमी करतं. आणि कृपा करून गरम मसाला, आलं-लसूण पेस्ट, काळा मसाला यातलं काही घालू नका. मला आपला काळा मसाला जिवापाड आवडतो पण इथं तो आला की सॉसला बोलायला जागा राहत नाही.

सगळं एकजीव झालं की चार भाग करा, हाताला तेल लावा आणि एकेक गोळा या तळहातावरून त्या तळहातावर जरा जोरात आपटत न्या, भाकरीचं पीठ थापायच्या आधी आपण दोन्ही हातांत खेळवतो तसं. आतली हवा निघून जाते. हवा राहिली तर गरम झाल्यावर फुगते आणि तिथून फुटतं. मग दोन सेंटीमीटर जाडीची लांबट-गोल पॅटी करा, कडेच्या चिरा बोटानं लिंपून घ्या आणि मधोमध अंगठ्यानं खळगा पाडा. हा खळगा पाडला नाही म्हणून तुमची फुगली. पॅटीच्या कडा आधी शिजतात, आवळतात, आणि मधलं कच्चं मांस वर ढकललं जातं, खळगा असला की ते वर येऊन बरोबर सपाट होतं. आता अर्धा तास फ्रीजमध्ये.

आता शिजवणं, म्हणजे तुमचं बाहेरून काळं आणि आत गुलाबी. आच मोठी होती आणि झाकण नव्हतं, एवढंच. मध्यम आचेवर थोडं तेल, पॅटी ठेवा, तीनेक मिनिटं हलवू नका, कडेनं वर रंग चढताना दिसला की एकदाच पलटा, दुसरी बाजू मिनिटभर, मग पाव वाटी पाणी पॅनच्या कडेनं सोडा आणि लगेच घट्ट झाकण. आच कमी. सात-आठ मिनिटं वाफेवर राहू द्या. जपानमध्ये इथं पाण्याऐवजी साके (तांदळाची दारू) किंवा वाइन घालतात, पाण्यानंही तेच काम होतं. झालं का बघायला सर्वांत जाड जागी बारीक सळई किंवा विणायची सुई टोचा, वर येणारा रस पाण्यासारखा स्वच्छ असला तर झालं, लालसर असला तर अजून दोन मिनिटं. घरी थर्मामीटर असेल तर मटणाच्या खिम्याला आत ७१ अंश सेल्सियस, चिकनला ७४. अख्ख्या मटणाच्या तुकड्यात जंतू वरवर असतात पण खिमा करताना वरचं आत जातं, त्यामुळे खिमा आतून गुलाबी ठेवायचा नसतो. मात्र दाबून दाबून बघू नका, उलथण्यानं पॅटी दाबली की जपून ठेवलेला सगळा रस पॅनमध्ये.

तो पॅन धुवू नका. पॅटी ताटलीत काढा, जास्तीचं तेल टिपून घ्या, तळाशी चिकटलेलं तपकिरी तसंच राहू द्या. त्यात तीन मोठे चमचे टोमॅटो केचप, दोन चमचे वूस्टर सॉस (चिंच-व्हिनेगरचा इंग्लिश सॉस), एक चमचा सोया सॉस, अर्धी वाटी पाणी, सुपारीएवढं लोणी. लाकडी चमच्यानं तळ खरवडत उकळा, दोन-तीन मिनिटांत चमच्याच्या पाठीवर थर राहील इतका दाट होतो. ताटलीत पॅटीतून गळलेला रस असेल तोही यातच. मुलीला नागोयात जी चव लागते ती घराघरांतली अशीच असते.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : मूळ कृती बीफची आहे असं तुम्ही लिहिलं होतं. आपल्याकडे मग कोणतं मांस घ्यावं? आणि आमच्या घरी दारूचा थेंबही चालत नाही, साके, मिरीन, वाइन सगळं वगळून होतं का?

उत्तर : महाराष्ट्रात गोहत्या बंदी जुनीच आहे, १९७६ च्या कायद्यापासूनची, आणि मार्च २०१५ पासून बैल नि वळूसुद्धा त्यात आले, तेव्हा गाय-बैलाचा प्रश्न मिटला. म्हैस त्या बंदीत नाही, परवान्याच्या दुकानात म्हशीचं मिळतं आणि तुमच्या शहरात नान-खलियाच्या (नान नि मांसाचा रस्सा) निमित्तानं म्हशीचं मांस ओळखणारे लोक भरपूर आहेत. म्हशीच्या मांसात चरबी फार कमी आणि तंतू जाड, त्यामुळे खिमा दोनदा मशीनमधून काढून घ्या, दूध एक चमचा वाढवा आणि खिम्यात थोडं लोणी थंडच किसून घाला.

जपानमध्येसुद्धा घरच्या हानबागुत नुसतं बीफ क्वचितच असतं. तिथं बीफ नि डुकराचा मिश्र खिमा तयार पॅकमध्ये मिळतो, त्याला आयबिकी म्हणतात, बऱ्याचदा सात भाग बीफ आणि तीन भाग पोर्क. बीफनं चव, पोर्कनं चरबी नि मऊपणा. म्हणजे जोडी लावायची ही कल्पना त्यांचीच, आपण आपली जोडी लावू. मला विचाराल तर अर्धा बोकडाचा खिमा आणि अर्धा चिकनचा, चिकन मांडीचं, छातीचं नको. खाटकाला खांद्याकडचं मटण द्यायला सांगा आणि चरबी काढून टाकू नका म्हणावं, शंभरात वीस भाग तरी चरबी हवी. एक लक्षात ठेवा, बोकडाची चरबी लवकर गोठते आणि टाळूला चिकटते, म्हणून मटणाची पॅटी गरमच वाढायची, ताटल्यासुद्धा कोमट करून घेतल्या तर उत्तम. नुसत्या चिकनची केली तर मिश्रण सैल होतं, त्यात चमचाभर कॉर्नफ्लॉवर घाला.

दारूचं म्हणाल तर सगळं वगळून होतं. साके आणि वाइनचं काम पाण्यावर भागतं. मिरीन ही तांदळाची गोड दारूच आहे, अस्सल मिरीनमध्ये साधारण १४ टक्के अल्कोहोल असतं आणि उकळलं तरी ते सगळं उडून जातं असं नाही, तेव्हा ज्यांना वर्ज्य आहे त्यांनी 'शिजल्यावर काय होतंय' म्हणून वापरू नये. मिरीन लिहिलं असेल तिथं तेवढंच पाणी आणि त्याच्या एकतृतीयांश साखर. सॉस चकचकीत दिसायला हवा तर साखरेसोबत अर्धा चमचा मध. वाइनचा आंबटतुरटपणा हवा असेल तर काळ्या द्राक्षांचा रस नि दोन थेंब व्हिनेगर, सीझनमध्ये काळी द्राक्षं स्वस्त असतात तेव्हा नक्की करून बघा.

प्रश्न (बीड) : वूस्टर सॉस आमच्या गावात मिळत नाही. ऑनलाइन बाटली महाग पडते आणि दोन चमच्यांसाठी कोण मागवणार. दुसरं काही सांगा.

उत्तर : दुसरं तुमच्या घरातच आहे, चिंच! वूस्टर सॉसच्या मूळ इंग्लिश कृतीत चिंच असतेच, सोबत व्हिनेगर, मोलॅसिस (साखर करताना उरणारी काळी मळी), कांदा-लसूण नि खारवलेले अँकोव्ही मासे. जपानी लोकांनी त्यांचा वूस्टर केला तेव्हा टोमॅटो, सफरचंद, गाजर, कांदा अशी फळं-भाज्या घालून तो गोडसर केला. आपण दोन्हीच्या मधला करू. लिंबाएवढी जुनी चिंच कोमट पाण्यात भिजवून कोळ काढा, गाळून घ्या, त्यात दोन चमचे काळपट गूळ, दोन चमचे सोया सॉस, एक चमचा व्हिनेगर, किसलेलं अर्धं सफरचंद, एक ठेचलेली लसणाची पाकळी, दोन लवंगा, दालचिनीचा बोटभर तुकडा, थोडी मिरपूड. मंद आचेवर पंधरा मिनिटं, मग गाळा. बाटलीत भरून फ्रीजमध्ये दोन आठवडे आरामात राहतो. गूळ शक्यतो काळपट, सेंद्रिय म्हणून मिळतो तो घ्या, पिवळाधमक नको, त्याला मोलॅसिसची खोली येत नाही. एकदा हा सॉस घरात असला की बाकी कशातही जातो, मी तर अंडाभुर्जीतसुद्धा घालते.

सोया सॉस घेताना मात्र बाटली वाचा. आपल्याकडे मिळणारा डार्क सोया कॅरमेल रंगानं काळा असतो आणि मिठाला जास्त, तो असेल तर प्रमाण निम्मं करा आणि सॉसमध्ये वेगळं मीठ घालूच नका.

प्रश्न (लातूर) : आम्ही शाकाहारी. मुलाला जपानी ॲनिमे बघून बघून हेच खायचंय. काही होऊ शकतं का?

उत्तर : होऊ शकतं, आणि ओढूनताणून नाही. जपानमध्येच टोफू हानबागु घरोघर करतात, काही घरांत टोफूत थोडं चिकन मिसळतात तर काही घरांत नुसत्या टोफूचं. आणि तुम्ही तर लातूरचे, सोयाबीनचा भाव जिथं ठरतो तिथले. सोया सॉस आणि टोफू दोन्ही त्याच दाण्याचे, आपल्याकडे तो मोंढ्यातून थेट तेलाच्या गिरणीत जातो आणि ताटात फार कमी येतो, याची मला कायम हळहळ वाटते.

टोफू घट्ट घ्या, फडक्यात बांधून वर खलबत्ता ठेवा, अर्धा तास तरी. पाणी जितकं निघेल तितकी पॅटी टिकेल. मग कुस्करा, त्यात कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलेले आणि मिक्सरला एकदाच फिरवलेले सोया चंक, परतून गार केलेला कांदा, बारीक चिरून परतलेले मशरूम, दोन चमचे कॉर्नफ्लॉवर, मीठ, मिरपूड, जायफळ. मशरूमला आळस करू नका, मांसाची जी भरीव चव असते ती शाकाहारात मशरूम आणि सोया सॉसकडूनच येते. इथं मायोसिन नाही त्यामुळे मळून उपयोग नाही, बांधायचं काम कॉर्नफ्लॉवर करतं, म्हणून पॅटी थोडी पातळ करा आणि पॅनमध्ये एकदाच पलटा. पनीरचं करू नका. पनीर गरम झालं की घट्ट रबरी होतं नि सॉस पीत नाही. सॉस बीडच्या उत्तरातला, फक्त विकतची वूस्टर बाटली घेऊ नका कारण त्यात मासे असू शकतात.

प्रश्न (अंबाजोगाई) : अंडं वगळलं तर चालेल?

उत्तर : चालेल. मटण नीट मळलेलं असेल तर अंड्यावाचून अडत नाही. दूध दोन चमचे जास्त.

प्रश्न (जालना) : केचपचा गोड सॉस आमच्या सासऱ्यांना आवडला नाही. त्यांना हलकं, कमी गोड चालतं. जपानी पद्धतीत दुसरा सॉस असतो का?

उत्तर : असतो, आणि खरं सांगायचं तर मला तोच जास्त आवडतो. पॅटीवर किसलेल्या पांढऱ्या मुळ्याचा ढीग ठेवतात आणि वरून पोन्झु, म्हणजे सोया सॉस नि आंबट फळाचा रस. तिकडे युझु, सुदाची अशी लिंबाच्या जातीची फळं वापरतात. तुमच्याकडे तर जालन्याची मोसंबी! दोन मोठे चमचे मोसंबीचा रस, एक चमचा लिंबू, दोन चमचे सोया सॉस, झालं, उकळायचंही नाही. मुळा बारीक किसणीनं किसा, हातानं हलकं पिळा, अगदी कोरडा करू नका. तो बर्फासारखा थंड आणि खाली पॅटी गरम, तिखटसर मुळा चरबी कापून काढतो, वयस्कर माणसांना हे पचायलाही हलकं वाटतं. मुळा किसून ठेवून देऊ नका, थोड्या वेळानं त्याला वास सुटतो, पॅटी झाकणाखाली असताना किसायला घ्या. वरून कांद्याची पात.

याच्याशिवाय सोया सॉस, साखर नि पाणी आटवून केलेला तेरियाकी सॉस असतो, तो पुन्हा गोडच, म्हणून तुमच्या घरी नको. आणि हॉटेलात मिळतो तो काळपट डेमी-ग्लास, फ्रेंच पद्धतीचा, हाडांचं पाणी तासन्‌तास आटवून केलेला. जपानी माणूससुद्धा तो घरी बहुतेक डब्यातलाच वापरतो, आपण त्याच्या मागे लागायचं कारण नाही.

प्रश्न (परभणी) : हानबागु हे नाव हॅम्बर्गवरूनच ना, आणि ते तर जर्मनीतलं शहर आहे? मग पदार्थ जपानी कसा? आणि जपानी लोक तर मासे-भात खाणारे.

उत्तर : प्रश्न रास्त आहे. हॅम्बर्ग बंदरातून अमेरिकेला गेलेल्या जर्मन लोकांबरोबर खिम्याचा 'हॅम्बर्ग स्टेक' तिकडे पोचला, अमेरिकेत तो पावात जाऊन बर्गर झाला, जपानमध्ये मात्र ताटलीतच राहिला आणि भाताशेजारी बसला. मासे-भात खाणारे हेही खरंच. इ.स. ६७५ मध्ये तेम्मु सम्राटानं गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला बंदी घातली होती, पुढेही बौद्ध धर्माच्या प्रभावामुळे मांस खाणं शेकडो वर्षं कमीपणाचं मानलं गेलं. १८६८ ला मेइजी राजवट आली, पाश्चात्त्यांच्या बरोबरीनं उभं राहायचं तर त्यांच्यासारखं खाल्लं पाहिजे अशी हवा होती, आणि १८७२ मध्ये सम्राटानं स्वतः बीफ खाल्ल्याची बातमी जाहीर झाली. तिथून पाश्चात्त्य पदार्थ आपल्या भाताला जमवून घ्यायची एक वेगळी शाखाच सुरू झाली, तिला योशोकु म्हणतात, कोरोक्के म्हणजे क्रोकेट (कटलेटसारखं तळण), करी राइस, ओम्लेट राइस, आणि हे हानबागु. पण घराघरांत ते पोचलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, खिमा अख्ख्या मांसापेक्षा स्वस्त पडतो म्हणून, आणि १९७० ला 'स्कायलार्क' सारखी फॅमिली रेस्टॉरंट सुरू झाल्यावर ते लहान मुलांचं आवडतं जेवण होऊन बसलं.

म्हणून जे वाचक मला लिहितात की आम्ही मटण वापरलं, मोसंबी वापरली, हे अस्सल राहिलं का, त्यांना मी निःशंक हो म्हणते. ज्यांनी दुसऱ्याचा पदार्थ घेऊन एवढ्या निगुतीनं आपला केला त्यांच्याकडून शिकायची ती निगुती, बीफ नाही म्हणून पदार्थ सोडून द्यायची गरज नाही. पण ब्रेड दुधात न भिजवता, खिमा न मळता, झाकण न ठेवता केलं तर मग मांस जपानहून आणलं तरी ते हानबागु होणार नाही.

प्रश्न (परभणी, दुसऱ्या वाचक) : मुलीच्या शाळेच्या डब्यात देता येईल का? आणि कच्च्या पॅटी करून फ्रीझरला ठेवल्या तर? आमच्याकडे लाइट जाते.

उत्तर : जपानमध्ये डब्यात हे फार देतात, लहान लहान, दोन घासांच्या पॅटी करून. पण त्यांची हवा वेगळी आणि आपली वेगळी. शिजलेलं मांस ३२ अंशांच्या वर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नये, आणि परभणीत फेब्रुवारी सरला की दप्तरातलं तापमान त्याच्या पुढेच जातं. म्हणून थंडीच्या दिवसांत द्या, तेही पूर्ण शिजवून, पूर्ण गार करून मग झाकण लावायचं, गरम असताना लावलं की आत वाफेचं पाणी सुटतं आणि लवकर खराब होतं. उन्हाळ्यात नका देऊ, मुलीनं कितीही हट्ट केला तरी.

फ्रीझरला कच्च्या पॅटी प्लास्टिकच्या कागदात वेगवेगळ्या गुंडाळून महिनाभर राहतात. वितळवायच्या त्या खालच्या कप्प्यात रात्रभर, ओट्यावर नाही. लाइट जाऊन पॅटी मऊ पडल्या असतील पण हाताला अजून बर्फासारख्या थंड लागत असतील तर त्याच दिवशी शिजवून टाका, परत गोठवू नका. कोमट झाल्या असतील तर फेकून द्या, जीव हळहळतो पण खिम्याच्या बाबतीत जोखीम घ्यायची नाही.

प्रश्न (उदगीर) : घरी पंधरा माणसं जेवायला येणारेत. एवढ्या पॅटी एकेक करून कशा भाजायच्या? भात कोणता करू?

उत्तर : एकेक भाजून वाफवत बसलात तर शेवटची होईस्तोवर पहिली गार. तुम्ही निकोमी करा, म्हणजे सॉसमध्ये शिजवलेलं हानबागु. आदल्या दिवशी पॅटी करून फ्रीजला ठेवा. त्या दिवशी मोठ्या तव्यावर भरभर दोन्हीकडून फक्त रंग आणा, आत कच्च्या राहू द्या. दुसरीकडे रुंद पसरट पातेल्यात भरपूर कांदा उभा चिरून लालसर परता, त्यात टोमॅटोचा गाळलेला रस, केचप, बीडच्या उत्तरातला चिंचेचा सॉस, सोया सॉस आणि पाणी किंवा मटणाच्या हाडांचं पाणी, असा पातळसर सॉस उकळवा. पॅटी एका थरात त्यात सोडा, एकावर एक नको. मंद आचेवर झाकून वीस मिनिटं, मधे एकदा हलक्या हातानं पलटायच्या. शेवटी चमचाभर कॉर्नफ्लॉवर गार पाण्यात कालवून घाला आणि लोणी. ही पद्धत नवशिक्यांनाही सोपी, कारण पॅटी कच्ची राहायची भीती नाही, सॉसच तिला शिजवतो, आणि तासभर झाकून ठेवली तरी मऊच राहते. त्यात मशरूम मिळाले तर घाला, नाहीतर गाजराच्या जाड चकत्या, त्या सॉसमध्ये फार सुंदर लागतात.

भात बासमती नको, तो सुटा राहतो आणि सॉस ताटलीच्या तळाला जातो. इंद्रायणी घ्या, थोडा चिकट शिजतो, जपानी भाताच्या त्यातल्या त्यात जवळचा. पंधरा माणसांत दोन-चार जण भाकरी मागतीलच, त्यांना ज्वारीची गरम भाकरी द्या, या सॉसबरोबर ती छान जाते. सोबत वाफवलेली फ्लॉवर किंवा फरसबी, लोण्यावर परतलेला बटाटा. सॉस जरा जास्तच करा, पहिल्यांदा तोच संपतो.